सही तुमची, नागरिकत्वही तुमचंच

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४९, १९९९ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वडिलांचा जन्म १९४९ चा, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. तरुणपणी ते मुंबईला आले, गिरगावात एका छापखान्यात नोकरी केली आणि आता परत पेडण्याच्या घरी जाऊन राहिले आहेत. ताईंचा मुलगा २० वर्षांचा आहे, हॉटेल मॅनेजमेंट शिकतो, त्याला लंडनला जायचं आहे. ताईंच्या भावाने एक एजंट गाठला आहे. बाबा पोर्तुगीज अमदानीत जन्मले असल्यामुळे आधी बाबांची, मग मुलांची, मग नातवाची अशी पोर्तुगालमध्ये नोंद होते आणि सगळ्यांना तिथला पासपोर्ट मिळतो, असं त्याचं म्हणणं. ताईंनी एक अर्ज आणि एक मुखत्यारपत्र यांवर सह्या करायच्या, बाकी धावपळ एजंटची. ताई लिहितात, "मला स्वतःला कुठेही जायचं नाही. पण माझ्या सहीवाचून मुलाचं अडत असेल तर मी आडवी कशी येऊ? सही केली तर माझं काही जातं का, एवढंच सांगा."

ताई, जातं. आणि फार मोठं जातं. म्हणून आधीच सांगते, आत्ता सही करू नका. मुलाला अडवा असं मी म्हणत नाही. त्याच्यासाठी तुम्हाला वगळून जाणारी वाट आहे, ती पुढे लिहिते. पण आधी ही भानगड नीट समजून घ्या, कारण एजंटने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

ती अर्धी खरी आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आजही जन्माने आपला नागरिक मानतं. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केलं, तरी या लोकांचा हक्क त्यांनी काढून घेतला नाही. पोर्तुगालचा १९८१ चा नागरिकत्व कायदा असं सांगतो, की आई किंवा बाप पोर्तुगीज असेल तर परदेशात जन्मलेल्या मुलालाही नागरिकत्व मिळतं, फक्त त्याने तिथल्या दप्तरात जन्माची नोंद करायला हवी किंवा तशी इच्छा जाहीर करायला हवी. वयाची अट नाही. म्हणजे बाबांची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती कचेरीत झाली की तुमचा मार्ग मोकळा, तुमची झाली की मुलाचा.

आता उरलेली अर्धी. बाबा त्यांच्या लेखी पोर्तुगीज असले तरी आपल्या लेखी ते भारतीय आहेत. गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश १९६२ साली निघाला. ज्यांचा स्वतःचा किंवा ज्यांच्या आईबापांचा, आजीआजोबांचा जन्म तिथला, ते सगळे २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक झाले. ज्यांना नको होतं त्यांनी महिनाभरात तसं लिहून द्यायचं होतं. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. त्यांनी काही लिहून दिलं नसणार, त्यामुळे ते भारतीय झाले, आणि तुम्ही तर मुंबईतच जन्मलेल्या.

पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं. भारताला चालत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं, की भारतीय माणसाने आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी कुठली नोटीस यावी लागत नाही, कोणी येऊन काढून घ्यावं लागत नाही. आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हातात घेतला असेल तर आपल्या नियमांनुसार तो निर्णायक पुरावा, मग त्यावर वाद घालायलाही जागा राहत नाही.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय ते बघा. जिल्हा परिषदेच्या नोकरीला भारतीय नागरिक असणं ही पहिली अट. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागल्यामुळे तुम्हाला जुनी पेन्शन आहे, निवृत्तीला नऊ वर्षं उरली आहेत. ही नोकरी तुम्ही एका सहीवर टांगणार. वर आणखी एक. तुम्ही शिक्षिका आहात म्हणजे निवडणुकीच्या कामाला जात असणार, कदाचित बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारी बूथ अधिकारी, म्हणून घरोघर फिरून नव्या मतदारांचे नमुना सहाचे फॉर्मही भरून घेतले असतील. त्या फॉर्मवर मी भारताचा नागरिक आहे असं प्रतिज्ञापत्र असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. उद्या तुमचं स्वतःचं नाव त्या यादीत बेकायदा ठरलं तर? भारतीय पासपोर्ट असेल तर तोही जमा करावा लागतो, आणि जमा न करता वापरत राहणं हा गुन्हा आहे.

यावर एजंट काय म्हणेल तेही मला माहीत आहे, कारण सगळे तेच म्हणतात. "मॅडम, ही नुसती जन्माची नोंद. पासपोर्ट काढलाच नाही तर भारत सरकारला कळणार कसं?" कळणार कसं हा प्रश्न सरकारी नोकरीतल्या माणसाने मनातसुद्धा आणू नये. आणि नुसती नोंद म्हणजे नागरिकत्व नव्हे हा मुद्दा वाटतो तितका सरळ नाही. पोर्तुगालच्या कायद्यात परदेशी जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळतं ते त्या नोंदीनेच, तेही जन्मापासून मिळाल्यासारखं. गोव्यात हा वाद आमदारांच्या निवडणुकीपर्यंत, कोर्टापर्यंत आणि केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत जाऊन आला आहे. साध्या माणसांचेही हाल झाले. पोर्तुगालमध्ये नोंद होती आणि नंतर भारतीय पासपोर्ट काढला किंवा नवा करून घेतला, म्हणून कित्येकांचे पासपोर्ट रद्द केले गेले. रद्द झालेला पासपोर्ट जमा करता येत नाही, जमा केल्याचा दाखला नाही म्हणून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना इथे राहण्यासाठी मिळतं ते कार्ड, अडलं, आणि आपल्याच गावात आपल्याच घरात राहायचं कुठल्या कागदावर असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. शेवटी एखाद्याचं नागरिकत्व संपलं की नाही हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. एजंटच्या शब्दाला तिथे किंमत शून्य.

ओसीआय मिळालं की सगळं पूर्वीसारखंच, असंही तुमचे बंधू म्हणतील. ये-जा करायला, राहायला, खासगी नोकरीला, फ्लॅट घ्यायला ते चांगलं आहे. पण मत नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर राहते, विकायची झाली तर भारतीय नागरिकालाच. पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून जमिनीचे भाव कुठे गेलेत ते तुमच्या घरात बोललं जात असेलच.

आता मुलाचं. त्याला शांतपणे बसवून एकच विचारा, लंडनच ना? कारण तो दरवाजा बंद झाला आहे. गोव्याची हजारो माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला, साउथॉलला, वेम्ब्लीला गेली ती ब्रिटन युरोपीय संघात होतं म्हणून. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, संक्रमणाचा काळ त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला संपला. त्याआधी तिथे राहत असलेल्यांना हक्क टिकवण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. आज नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला ब्रिटनमध्ये काम करायचं तर कामाचा व्हिसा लागतो, जसा भारतीयाला लागतो तसाच. वेम्ब्लीत बसलेला कोणी ओळखीचा "ये, मी बघतो" म्हणत असेल, तर तो स्वतः २०२० च्या आधी गेलेला आहे. त्याचा अनुभव खोटा नाही, पण तुमच्या मुलाच्या उपयोगाचा नाही. एजंटला हे माहीत नसेल तर त्याला काम देऊ नये, आणि माहीत असून बोलला नसेल तर मुळीच देऊ नये.

लंडनचा हट्ट सोडला तर मात्र पोर्तुगीज नागरिकत्वाला खरी किंमत आहे. युरोपीय संघातल्या २७ देशांपैकी कुठेही राहता येतं, काम करता येतं. इंग्रजीवर काम भागवायचं असेल तर आयर्लंड त्यातच येतं. हॉटेलच्या धंद्यात शिकलेल्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही, आणि त्याची स्वप्नं मी हसण्यावारी नेत नाही.

म्हणून ती दुसरी वाट. पोर्तुगालच्या कायद्यात नातवंडांसाठी वेगळी तरतूद आहे. आजी किंवा आजोबा पोर्तुगीज असतील आणि त्यांनी ते नागरिकत्व गमावलेलं नसेल, तर नातू थेट त्यांच्या नात्याने अर्ज करू शकतो. मधल्या पिढीने, म्हणजे तुम्ही, पोर्तुगीज व्हावंच लागत नाही. अट ही, की अर्जदाराचा त्या समाजाशी खरा संबंध असावा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो संबंध मुख्यतः भाषेवरून बघतात. पोर्तुगीज पुरेशी यायला हवी, आणि मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. भाषेची ए-टू, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या पातळीची परीक्षा असते, सिप्ले म्हणतात तिला. मन लावून शिकला तर वर्षभरात होण्यासारखी आहे. पणजीत पोर्तुगीज शिकवण्याच्या सोयी आहेत, ऑनलाइन वर्गही असतात.

एजंट या वाटेचं नाव का काढत नाहीत ते उघड आहे. यात मुलाला स्वतः अभ्यास करावा लागतो, आणि एका घरातून तीन-चार अर्जांची फी मिळत नाही. मला मात्र ही वाट आवडते. ज्याला जायचं आहे तोच कष्ट करतो आणि तोच किंमत मोजतो. शिवाय भाषा न येता लिस्बनला उतरून गोदामात खोकी उचलण्यापेक्षा भाषा येऊन हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे उभं राहणं केव्हाही बरं. नागरिकत्वाच्या नियमांवर पोर्तुगालमध्ये अलीकडे बरीच उलथापालथ चालू आहे, तेव्हा अर्जाच्या वेळी लागू असलेला नियम पणजीला आल्तिन्योवरच्या त्यांच्या वकिलातीतून मुलाने स्वतः विचारून घ्यावा. महाराष्ट्रातल्या लोकांचंही काम तीच वकिलात बघते.

आणि त्यालाही हे स्वच्छ सांगा, की त्या दिवशी तो भारतीय राहणार नाही. स्पर्धा परीक्षा, सरकारी नोकरी, मत, सगळं जाईल. परत यायचं ठरवलं तर ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंद आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असेल तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण ते देणं न देणं सरकारच्या हातात. विसाव्या वर्षी हे ऐकून घेण्याइतका तो मोठा आहे.

आता कागद. हे काम मात्र आत्ता, लगेच करण्यासारखं आहे. त्याने कोणाचंही नागरिकत्व जात नाही आणि बाबा आहेत तोवरच ते सोपं आहे. पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे बाबांच्या जन्माची मूळ नोंद शोधा. छापील छोटा दाखला उपयोगाचा नाही. मूळ पोर्तुगीज नोंदीची पूर्ण मजकुराची प्रत लागते, तिथे "तेओर" मागा म्हणजे कळेल. ती मिळाली की सगळ्यात आधी नोंद कधी झाली ती तारीख बघा. १९४९-५० ची असेल तर उत्तम. पुढे कधी कोर्टाच्या हुकमाने करून घेतलेली असेल तर पोर्तुगीज कचेरी शंभर प्रश्न विचारेल. बनावट दाखल्यांची इतकी प्रकरणं झाली आहेत, की त्यांचंही चुकत नाही.

नाव वाचताना दचकू नका. शंकर असेल तर ते एक्सने सुरू झालेलं सापडेल, नाईक असेल तर शेवटी क्यू-यू-ई लागलेलं. लिहिणारा कारकून कानाला येईल तसं पोर्तुगीज वळणाने लिहीत होता. छापखान्याच्या नोकरीतल्या कागदांवर, आधारवर, पॅनवर बाबांचं नाव वेगळं असणार. ही दोन्ही नावं एकाच माणसाची, हे सिद्ध करणं म्हणजे या प्रकरणातलं निम्मं काम. जुना शाळेचा दाखला, घराच्या वाटणीचे कागद, आजोबांच्या नावाची एखादी पोर्तुगीज पावती, जे सापडेल ते बाबांना विचारून एका फाइलीत लावा. नाव जुळत नसेल तर आम्ही "जुळवून" देतो असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

मग तुमचे स्वतःचे कागद. मुलगा आजोबांच्या नात्याने गेला तरी तो तुमचा मुलगा आणि तुम्ही बाबांची मुलगी, ही साखळी दाखवावीच लागते. इथे आपल्याकडच्या बायकांचं घोडं हमखास अडतं. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून जन्मदाखल्यावर एक बाई नि आधारवर दुसरी. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. लिस्बनमधल्या अधिकाऱ्याला हा रिवाज माहीत असण्याचं कारण नाही. तुमच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कोणतं आहे ते आज रात्रीच काढून बघा. नाव बदलल्याचं राजपत्र काढलं होतं का? नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागेल. तुमचा १९७६ चा महापालिकेचा जन्मदाखलाही बघा. त्या काळच्या कितीतरी दाखल्यांवर आईबापांची नावं आहेत आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. ते नाव आधी घालून घ्यावं लागतं.

आईबाबांचं लग्न १९७४ साली सावंतवाडीला झालं असं तुम्ही लिहिता, पण नोंदणी झाली का ते लिहिलेलं नाही. त्या काळी सहसा कोणी करत नसे. पोर्तुगालचा कायदा बापाचं नातं मूल अल्पवयीन असतानाच कागदावर आलेलं असावं असं बघतो, म्हणून लग्न तुमच्या जन्माआधीचं होतं आणि जन्माच्या वेळीच बापाचं नाव लागलं होतं, हे दाखवणारे जुने कागद सोन्यासारखे जपा. लग्नपत्रिका ठेवली असेल तर तीही. महाराष्ट्रातले दाखले आधी इथल्या गृहविभागाकडून साक्षांकित होतात, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, लागतं. ते शिक्के शेवटी. आधी नावं सरळ करा.

तुमच्या पत्रात एका माणसाचं मत कुठेच नाही, ते म्हणजे बाबांचं. मुलासाठीची ही वाटसुद्धा बाबांच्या नोंदीवरूनच जाते, आणि तुमच्यासाठी जे लिहिलं ते त्यांनाही लागू आहे. ७६ व्या वर्षी मत सोडायचं, भारतीय पासपोर्ट असेल तर तो सोडायचा, आणि ज्या घरात जन्मलो तिथे ओसीआय कार्डावर राहायचं. काही म्हाताऱ्या माणसांना याचं काही वाटत नाही. नातवाचं भलं होत असेल तर होऊ दे, म्हणतात. काहींनी मुक्तीचा दिवस डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यांना तो कागद हातातही धरवत नाही. दोन्ही बरोबर आहेत. भाऊ आणि मुलगा समोर नसताना तुम्ही एकट्या पेडण्याला जा आणि त्यांना विचारा. काय काय सोडावं लागेल ते आधी सांगा, मग विचारा. ते नको म्हणाले तर विषय तिथे संपला. मग मुलाने त्याच्या शिक्षणाच्या आणि कामाच्या बळावर रीतसर व्हिसाने जावं, हजारो मुलं तशीच जातात.

आणि तुमचं स्वतःचं म्हणाल तर निवृत्तीनंतर मन बदललं तेव्हा बघता येईल. वयाची अट नाही हे वर लिहिलंच आहे. नऊ वर्षांनी कायदा असाच असेल याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही, तेव्हा त्या भरवशावर आज काही ठरवू नका.

शेवटी ते मुखत्यारपत्र. तुमच्या भावावर मी कसलाही संशय घेत नाही, त्यालाही बहुधा ते वाचायची गरज वाटली नसेल. पण एजंट वापरतात त्या छापील मसुद्यांत जन्मनोंदीच्या कामाबरोबर "स्थावर मिळकतीसंबंधी सर्व व्यवहार" असं एखादं वाक्य सहज घुसलेलं असतं. बाबांचं घर आणि जमीन गोव्यात आहे, तिथे मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, आणि वारसांच्या सह्यांशिवाय ती मिळकत हलत नाही. दादाला स्पष्ट सांगा, की मी अर्ज करत नाही म्हणजे माझ्या मुखत्यारपत्राची गरजच उरत नाही. मुलाच्या कामासाठी तुमचे दाखले लागतील तेवढे तुम्ही स्वतः काढून द्या. मूळ प्रती घरी ठेवा, एजंटला झेरॉक्सच द्या. आणि आधी कुठे सही करून बसला असाल, तर ते मुखत्यारपत्र ज्या नोटरीकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे झालं तिथे जाऊन ते लेखी रद्द करून घ्या आणि रद्द केल्याची नोटीस एजंटला रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावतीसकट.